बॅटरीच्या रसायनशास्त्रात पीएचडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मटेरिअल सायन्स किंवा रासायनिक अभियांत्रिकी शिकून पुढे बॅटरीवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कुठल्या विद्यापीठाचं नाव मोठं, यापेक्षा कोणता प्रश्न हाती घ्यायचा आणि तो कुठे प्रामाणिकपणे मोजला जातो, यावर इथे जास्त भर दिला आहे. पीएचडीची चार-पाच वर्षं सत्कारणी लागतात की वाया जातात, हे बहुतेक वेळा त्यावरच ठरतं.

या विषयात पीएचडी म्हणजे नेमकं कशावर काम?

सेलमध्ये एक कॅथोड, एक अॅनोड, मधे सेपरेटर आणि सगळ्यांना भिजवणारा इलेक्ट्रोलाइट असतो. कागदावर एवढंच. पण यातला प्रत्येक घटक शेजारच्या घटकाशी सतत काहीतरी प्रक्रिया करत असतो, आणि बहुतेक प्रबंधांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो: सेल हळूहळू का मरतो, आणि कुठून मरतो?

एक उदाहरण पाहा. एथिलिन कार्बोनेट आणि प्रॉपिलिन कार्बोनेट या इलेक्ट्रोलाइटमधल्या दोन द्रावकांत फरक आहे तो फक्त एका मिथाइल गटाचा. पण पहिला द्रावक अॅनोडच्या ग्रॅफाइटवर टिकाऊ संरक्षक थर तयार करतो, तर दुसरा एकटा वापरला तर ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटत जातात. त्या थराला एसईआय म्हणतात. इस्रायलचे शास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये ही कल्पना मांडली. थराची जाडी काही नॅनोमीटरपासून काही दहा नॅनोमीटरपर्यंत, आणि आजही त्याची रचना, वाढ आणि तुटणं यावर प्रबंध लिहिले जातात. कारण तो थर चांगला नसेल, तर बाकीचं सगळं चांगलं असूनही सेल टिकत नाही.

तेव्हा कामाचे प्रकार साधारण असे: नवीन पदार्थ बनवणं, इलेक्ट्रोलाइटचं मिश्रण शोधणं, सेल चालू असताना आत काय चाललंय ते क्ष-किरण, न्यूट्रॉन किंवा एनएमआरने पाहणं, संगणकावर अणूंच्या पातळीवर गणित करणं, आणि वापरलेल्या सेलमधून धातू परत मिळवणं. बऱ्याच प्रबंधांत यातले दोन-तीन एकत्र येतात.

लिथियम-आयन बॅटरी बाजारात येऊन तीन दशकं उलटली. आता संशोधनाला काय उरलंय?

खूप उरलंय. हा इतिहास नीट पाहिला की ते लक्षात येतं. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात टायटॅनियम डायसल्फाइडचा कॅथोड वापरून खोलीच्या तापमानाला चालणारी लिथियम बॅटरी करून दाखवली. १९८० मध्ये ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणलं. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूऐवजी कार्बनचा अॅनोड घेऊन सेल बनवला. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

या प्रवासात पीएचडी करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. ग्रॅफाइटमध्ये लिथियम आत-बाहेर करू शकतं हे रशीद याझामी यांनी ग्रनोबलमध्ये दाखवलं ते डॉक्टरेटचं काम करताना. लिथियम आयर्न फॉस्फेट हा कॅथोड १९९७ मध्ये जगासमोर आला, त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे ऑस्टिनला गुडइनफ यांच्या गटात संशोधक विद्यार्थी होते. हा पदार्थ वीज नीट वाहून नेत नाही म्हणून सुरुवातीला अनेकांनी त्याला फारसं महत्त्व दिलं नाही. कण बारीक करून त्यांवर कार्बनचा लेप दिल्यावर चित्र पालटलं, आणि आज विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

आता उरलेल्या कामाकडे वळू. ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता आहे ३७२ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम. सिलिकॉनची साधारण ३,६०० आणि लिथियम धातूची ३,८६०. म्हणजे दहापट. मग सगळे सिलिकॉन का वापरत नाहीत? कारण पूर्ण चार्ज होताना सिलिकॉन जवळजवळ तिप्पट-चौपट फुगतं, कण तडकतात, एसईआय पुन्हा पुन्हा तुटतो आणि नव्याने तयार होताना लिथियम खातो. लिथियम धातूवर सुयांसारखे काटे वाढतात आणि सेलमध्ये शॉर्ट सर्किट होऊ शकतं. कोबाल्ट कमी करून निकेल वाढवलं की क्षमता वाढते, पण कॅथोडचा पृष्ठभाग अस्थिर होतो. एका ठिकाणच्या फायद्याची किंमत दुसऱ्या ठिकाणी मोजावी लागते, आणि नेमकं तिथेच संशोधकाचं काम सुरू होतं.

माझी पदवी रसायनशास्त्रातली नाही. चालेल का?

चालते. भौतिकशास्त्र, मटेरिअल सायन्स, रासायनिक अभियांत्रिकी, अगदी संगणकशास्त्रातूनही लोक येतात. मात्र विद्युत्-रसायनशास्त्राचा पाया स्वतः पक्का करून घ्यायला हवा: नर्न्स्ट समीकरण, इलेक्ट्रोड विभव, विसरण, सायक्लिक व्होल्टॅमेट्री, इम्पीडन्स स्पेक्ट्रोस्कोपी. यातलं शेवटचं सर्वांत जास्त चुकीचं वापरलं जातं. हव्या तितक्या घटकांचं समतुल्य सर्किट जुळवून कुठलाही आलेख 'समजावता' येतो. त्यामुळे ते शिकताना प्रत्येक घटकाचा भौतिक अर्थ विचारायची सवय लावा.

मास्टर्स डिग्री लागतेच का?

युरोपातल्या बहुतेक विद्यापीठांत लागते. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, पण पहिली एक-दोन वर्षं अभ्यासक्रमात जातात. ऊर्जा साठवणुकीवरचा मास्टर्स करायचा असेल तर युरोपातला, अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेला एमईएससी प्लस हा इरास्मस मुंडस कार्यक्रम पाहावा. फ्रान्समधलं अमियाँ त्याचं मुख्य केंद्र आहे.

घन इलेक्ट्रोलाइट, सोडियम, सल्फर, जस्त... विषय कोणता निवडावा?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, आणि 'सध्या कशाला मागणी आहे' हे पाहून उत्तर शोधतो. तसं करू नका. आज ज्याचा बोलबाला आहे, तो विषय तुमचा प्रबंध होईपर्यंत गर्दीने भरलेला असेल. पदार्थाच्या नावाऐवजी त्यातली अडचण निवडा. अडचण ओळखीची झाली की पदार्थ बदलला तरी ज्ञान तुमच्याजवळ राहतं.

घन इलेक्ट्रोलाइटचं पाहा. २०११ मध्ये जपानमध्ये र्योजी कान्नो यांच्या गटाने लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि सल्फरचं एक संयुग दाखवलं. खोलीच्या तापमानाला त्याची आयन-वाहकता १२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर होती, म्हणजे द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीची. वाहकतेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. राहिला तो संपर्काचा. घनावर घन ठेवलं तर चार्ज-डिस्चार्जमध्ये आकार बदलताना फट पडते, म्हणून दाब द्यावा लागतो. सल्फाइड दमट हवेत हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. गार्नेट प्रकारचे ऑक्साइड हवेत तुलनेने बरे टिकतात, पण कठीण असूनही त्यांच्या कणांच्या सीमांमधून लिथियम वाट काढतं. इथे यांत्रिकी आणि रसायन दोन्ही आवडणाऱ्यांना भरपूर काम आहे.

सोडियम-आयन हा माझ्या मते नवख्या संशोधकासाठी सर्वांत समाधान देणारा विषय आहे. लिथियममध्ये शिकलेलं बरंच काही इथे लागू होतं, आणि जिथे होत नाही तिथेच खरा प्रश्न दडलेला असतो. सोडियम ग्रॅफाइटमध्ये नीट शिरत नाही, म्हणून हार्ड कार्बन वापरावा लागतो, आणि त्यात सोडियम नेमकं कुठे बसतं यावर अजून वाद आहेत. सोडियम अॅल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही, त्यामुळे अॅनोडच्या बाजूलाही तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची फॉइल चालते. हा फायदा साधा वाटला तरी मोठा आहे.

लिथियम-सल्फरचे आकडे मोहात पाडतात, सल्फरची सैद्धांतिक क्षमता १,६७५ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम आहे. पण मधले पॉलिसल्फाइड विरघळून इकडून तिकडे फिरत राहतात. थोडं सल्फर आणि भरपूर इलेक्ट्रोलाइट घेतलं तर कोणताही सेल छान दिसतो. या विषयात शिरताना गट किती कमी इलेक्ट्रोलाइटवर सेल चालवून दाखवतो, ते आधी पाहा. फ्लो बॅटरी (टाक्यांतला द्रव पंपाने फिरवून वीज साठवणारी), जस्त आणि पुनर्वापर हेही सकस विषय आहेत. पुनर्वापराला प्रतिष्ठा कमी मिळते, पण माझ्या दृष्टीने तिथे रसायनज्ञांची गरज सर्वांत जास्त आहे.

संशोधनाच्या जागा कुठे निघतात?

जर्मनीत म्युन्स्टरचं एमईईटी केंद्र आणि उल्मची हेल्महोल्ट्झ संस्था, फ्रान्समध्ये अमियाँ, स्वीडनमध्ये उप्साला, ब्रिटनमध्ये २०१७ पासून फॅराडे इन्स्टिट्यूशनशी जोडलेली विद्यापीठं, कॅनडात डलहौसी आणि वॉटर्लू, अमेरिकेत ऑस्टिन आणि अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेसोबत काम करणारी विद्यापीठं, भारतात कराईकुडीची केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था. चीन, जपान आणि कोरियातले गट तर संख्येने आणि कामाने आघाडीवर आहेत. ही यादी अपुरी आहे आणि अपुरीच राहणार. एखादा लहान, फारसा नावाजलेला नसलेला गट तुमच्या प्रश्नासाठी याहून चांगला असू शकतो.

युरोपातल्या जागा नोकरीच्या जाहिरातीसारख्या निघतात, त्यासाठी युरॅक्सेस हे संकेतस्थळ नियमित पाहावं. सर्वांत भरवशाचा मार्ग मात्र वेगळा आहे: तुम्हाला आवडलेल्या पाच शोधनिबंधांचे लेखक कोण, ते सध्या कुठे आहेत आणि त्यांच्या गटाच्या पानावर जागा आहे का, हे शोधणं.

पैसे कोण देतं?

स्वतःच्या खर्चाने पीएचडी करू नका. या विषयात पगार किंवा पाठ्यवृत्तीसह जागा मिळतात, आणि प्रयोगाचा खर्च तर व्यक्तीला पेलण्यासारखा नसतोच.

जर्मनी, नेदरलंड्स, स्वीडनमध्ये संशोधक विद्यार्थी बहुधा कर्मचारी असतो. त्याला करार, पगार आणि रजा मिळते. स्वीडनमध्ये चार वर्षांच्या संशोधनाला २० टक्क्यांपर्यंत शिकवण्याचं काम जोडलं की एकूण काळ पाच वर्षांपर्यंत जातो. अमेरिकेत शिक्षण किंवा संशोधन साहाय्यक म्हणून मानधन मिळतं आणि फी माफ होते. ब्रिटनमध्ये शिष्यवृत्ती असते, पण परदेशी विद्यार्थ्यांची जास्तीची फी त्यात धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या. इथे अनेकजण अडकतात.

युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये राष्ट्रीयत्वाची अट नाही. अट आहे ती मुक्कामाची: नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. डॉक्टरेट आधीच झालेली नसावी. याशिवाय जर्मनीची डाड, जपानची मेक्स्ट आणि चीनची सरकारी शिष्यवृत्ती आहे.

प्राध्यापकांना ईमेल कसा लिहावा?

थोडक्यात लिहा. त्यांच्या एका निबंधातला एक नेमका मुद्दा, त्यावर तुम्हाला पडलेला प्रश्न, तुम्ही हाताने केलेलं काम, आणि तुम्हाला कधीपासून यायचं आहे. 'मला आपल्या संशोधनात अत्यंत रुची आहे' हे वाक्य शंभर प्राध्यापकांना एकाच वेळी पाठवता येतं, आणि वाचणाऱ्याला ते कळतं. याउलट 'आपल्या निबंधातल्या चौथ्या आकृतीत पहिल्या चार्ज-डिस्चार्ज चक्राची क्षमता सैद्धांतिक मर्यादेपेक्षा जास्त दिसते, त्यात इलेक्ट्रोलाइटच्या विघटनाचा वाटा वेगळा कसा केलात?' असं विचारलंत तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा, मग पुढच्या गटाकडे वळा.

अमेरिकेतले बहुतेक अर्ज डिसेंबरच्या आसपास बंद होतात. बऱ्याच विभागांनी जीआरईची अट काढली आहे. युरोपात वर्षभर जागा निघत राहतात.

गट आणि मार्गदर्शक कसा पारखावा?

यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. त्यांचे निबंध वाचताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, इलेक्ट्रोडवर प्रति चौरस सेंटिमीटर किती पदार्थ होता हे लिहिलंय का? पातळ थर नेहमीच छान चालतो.

दुसरी, मोजमाप अर्ध्या सेलमध्ये आहे की पूर्ण? अर्ध्या सेलमध्ये समोर लिथियम धातूचा जाड पत्रा असतो, म्हणजे हरवलेलं लिथियम भरून काढायला न संपणारा साठा. पूर्ण सेलमध्ये तो नसतो. तिथे दर चक्राला ९९.९ टक्के लिथियम परत आलं, तर ५०० चक्रांनंतर जेमतेम ६१ टक्के उरतं. ९९.९९ टक्के आलं, तर ९५. दशांश चिन्हानंतरच्या एका नऊवर सेलचं आयुष्य ठरतं. डलहौसीत जेफ डॅन यांच्या गटाने ही कार्यक्षमता अत्यंत अचूक मोजणारी यंत्रणा उभारली ती याचसाठी.

तिसरी, एकाच प्रकारचे किती सेल तपासले? एकाच सेलचा आलेख पुरावा होऊ शकत नाही.

मग त्या गटातल्या सध्याच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांशी बोला, शक्यतो मार्गदर्शक नसताना. पीएचडी पूर्ण व्हायला खरंच किती वर्षं लागली? कोणी मधेच सोडून गेलं का, आणि का? सेल तपासणाऱ्या यंत्राचे चॅनल किती जणांत वाटले जातात? ग्लव्हबॉक्स (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी) बंद पडला तर कोण दुरुस्त करतं? प्रयोग फसला हे सांगितल्यावर मार्गदर्शक काय म्हणतात? या शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला, तर तिथे जाऊ नका.

मुलाखतीत काय विचारतात?

तुमच्या मास्टर्सच्या प्रबंधातलं एक मोजमाप घेऊन खोलवर जातात. हा उंचवटा कशामुळे आला? दुसरं स्पष्टीकरण शक्य आहे का? ते कसं खोडाल? पाठ केलेली व्याख्या त्यांना नको असते. उत्तर माहीत नसेल तर 'मी हे असं तपासून पाहीन' असं म्हणणारा उमेदवार बहुतेकांना आवडतो.

रोजचं काम कसं असतं?

सकाळी स्लरी, म्हणजे इलेक्ट्रोडच्या पदार्थाचं ओलं मिश्रण, मिसळायची, फॉइलवर पसरवायची, व्हॅक्यूममध्ये वाळवायची, चकत्या कापायच्या, आर्गॉन भरलेल्या ग्लव्हबॉक्समध्ये सेल बांधायचे. आत पाणी आणि ऑक्सिजन दशलक्षात एका भागाहून कमी ठेवावे लागतात. नवखा हात जाड हातमोज्यांतून सेल बांधतो तेव्हा सेपरेटर सरकतो, इलेक्ट्रोड तिरका बसतो, आणि निकाल इकडे-तिकडे होतात. हात बसायला काही महिने द्यावे लागतात. ते वाया जात नाहीत.

मग येते प्रतीक्षा. सेल तीन तासांत चार्ज आणि तीन तासांत डिस्चार्ज करायचा म्हटलं तर एका चक्राला सहा तास लागतात. १,००० चक्रं म्हणजे ६,००० तास, अर्थात २५० दिवस. चार वर्षांच्या पीएचडीत असे प्रयोग एकामागून एक फार तर चार-पाच बसतात. म्हणून आयुष्यमानाच्या चाचण्या पहिल्याच वर्षी लावा, बाकीचं काम त्या चालू असताना करा. तिसऱ्या वर्षी सुरू केलेली चाचणी प्रबंधाच्या वेळी अर्धवट असते, हे या विषयातलं सर्वांत नेहमीचं दुःख आहे.

सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर काम असेल तर किरणशलाकेच्या वेळेसाठी कित्येक महिने आधी प्रस्ताव द्यावा लागतो. मंजूर झालेले दोन-तीन दिवस रात्रंदिवस जागून काढावे लागतात. दमछाक होते, पण चालू सेलच्या आत स्फटिकाची रचना बदलताना डोळ्यांसमोर दिसते तेव्हा तो शीण जाणवत नाही.

हे काम धोकादायक आहे का?

नियम पाळले तर नाही, पण धोके खरे आहेत. लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट या नेहमीच्या क्षाराचा पाण्याशी संबंध आला की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. ते त्वचेतून आत शिरतं आणि वेदना उशिराने जाणवू शकते. कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम कुठे ठेवलंय हे पहिल्या दिवशी विचारा. स्लरीसाठी वापरला जाणारा एनएमपी हा द्रावक प्रजननासाठी घातक आहे, गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर लॅबला सांगून कामाची वेगळी आखणी करून घ्या, तो तुमचा हक्क आहे. निकेलची भुकटी श्वासात जाता कामा नये. चार्ज झालेला सेल कधीही उघड्यावर कापू नका.

कंपनीसोबतचा प्रकल्प घ्यावा का?

चांगले नमुने, मोठे सेल आणि पुढे नोकरीची ओळख मिळते. बदल्यात गोपनीयतेचा करार येतो. निबंध छापण्याआधी कंपनी किती काळ तो अडवू शकते, पेटंटवर तुमचं नाव येईल का, कंपनीने मधेच हात काढून घेतला तर पगार कोण देईल, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्या.

पीएचडीनंतर पुढे काय?

सेल बनवणाऱ्या आणि वाहन कंपन्या, पदार्थ पुरवणारे उद्योग, चाचणी प्रयोगशाळा, राष्ट्रीय संस्था, पेटंटचं काम, अध्यापन. कंपन्यांना प्रयोगांची आखणी करणारी आणि बिघाडाचं कारण शोधू शकणारी माणसं लागतात. प्राध्यापकपदाच्या जागा मात्र कमी आहेत, आणि त्याआधी दोन-तीन पोस्टडॉक करावे लागू शकतात.

यंदा प्रवेश मिळाला नाही, तर वर्षभर काय करावं?

एखाद्या लॅबमध्ये प्रकल्प साहाय्यक म्हणून काम मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी घरबसल्या करता येण्यासारखं बरंच आहे. पायथन शिका. पायबॅम हे सेलचं गणिती प्रारूप चालवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. मटेरिअल्स प्रोजेक्ट या खुल्या माहितीसाठ्यात हजारो संयुगांची गणिताने काढलेली माहिती मिळते.

शिवाय २०१९ मध्ये स्टॅनफर्ड, एमआयटी आणि टोयोटाच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १२४ लिथियम आयर्न फॉस्फेट सेलच्या चाचण्यांची संपूर्ण आकडेवारी खुली केली. त्यातले काही सेल १५० चक्रांत संपले, काही २,३०० पर्यंत टिकले. दहाव्या आणि शंभराव्या चक्रातल्या डिस्चार्जच्या आलेखांमधला फरक काढा, आणि त्यावरून सेल किती टिकेल याचा अंदाज बांधता येतो का ते स्वतः करून पाहा. निघालेले आलेख आणि तुमचा कोड पुढच्या अर्जाला जोडा. कुठे अंदाज चुकला आणि का चुकला असावा, हेही त्यात एका परिच्छेदात लिहा.